पंचकाकांची पंचाईत

एसटीत मागच्या सीटवर बसायला कोणी तयार नसतं आणि चर्चमध्ये पुढच्या बाकावर. या दोन्ही ठिकाणची माणसं जागची हलवण्याचं काम ज्यांनी 32 वर्षं केलं, ते आमचे पंचकाका. आठवड्याचे सहा दिवस नगर-पुणे गाडीवर कंडक्टर, रविवारी मंडळीचे पंच. मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांना आम्हा नगरच्या ख्रिस्ती लोकांत पंच म्हणतात. ट्रे-चिमट्याच्या जमान्यात तिकिटाला भोक पाडण्यालाही पंच करणंच म्हणत. त्यामुळे हे नाव त्यांना मंडळीने दिलं की महामंडळाने, हा वाद अजून मिटलेला नाही. शहर कागदोपत्री अहिल्यानगर झालं, पण काकांच्या तोंडून अजून 'नगर, नगर, नगर' असं तीनदा येतं. एकदाच म्हटलेलं नगर त्यांना रिकामं गेल्यासारखं वाटतं.

एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला नगरहून पुण्याला सुटली, हे काका नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. सांगताना त्यांचा चेहरा असा होतो की ती गाडी बेथलेहेमवरून आली असावी. साप्ताहिक सुट्टी रविवारचीच मिळावी म्हणून त्यांनी दिवाळीच्या, गणपतीच्या आणि यात्रांच्या सगळ्या जादा गाड्या हसत पत्करल्या. त्या रविवारी मात्र चर्चची घंटा त्यांच्याच हातात. उपासना संपली की ते शेवटचे दोन टोल असे खणखणीत देतात, की आमच्याकडे उपासना 'संपली' असं कोणी म्हणत नाही, 'सुटली' म्हणतात. प्रभुभोजनाच्या रांगेत सगळे माना खाली घालून उभे असताना मागून हलक्या आवाजात येतं, "पुढे चला, पुढे चला, मध्ये जागा आहे." पाळकसाहेबांनी एकदा समजावलं. तेव्हापासून ते फक्त हाताने खुणावतात, आणि ते जास्त वाईट दिसतं.

आता एसटीत ड्रायव्हर कंडक्टरला 'मास्तर' म्हणतो. प्रवासीही म्हणतात. आठवडाभर ज्याला सगळं जग मास्तर म्हणतं, त्याने रविवारी एकदम शिष्य व्हायचं, म्हणजे अवघडच. पण काकांनी ते जमवलं होतं. रविवारी शिष्य, सोमवारी मास्तर. दोन गणवेश, दोन खुंट्या. खुंट्यांची गल्लत त्यांनी कधी होऊ दिली नाही. ती गल्लत केली लूकने.

झालं असं, की लेंटमध्ये, म्हणजे उपासाच्या चाळीस दिवसांत, एका संध्याकाळच्या सभेत पाळकसाहेब वधस्तंभ उचलण्याविषयी बोलत होते. माझ्यामागे यायचं तर स्वतःला नाकारा आणि वधस्तंभ उचला, असं येशूने शिष्यांना सांगितल्याचं मत्तय लिहितो, मार्कही लिहितो. लूक तेच लिहितो आणि मध्ये एक शब्द घालतो: दररोज. पाळकसाहेब एवढं बोलून पुढच्या मुद्द्याकडे गेले. काका त्याच थांब्यावर उतरले.

"एकदाच उचलायचा असता तर मी तयार होतो रे," ते मला घरी परतताना म्हणाले. "रोमी शिपाई आले असते, विचारलं असतं, तू त्याचा का? म्हणालो असतो, हो, त्याचाच. विषय संपला. पण दररोज म्हणजे सकाळची सहाची गाडीसुद्धा आली."

मी त्यांना म्हटलं, लूक पेशाने वैद्य होता. त्या जातीला 'रोज एक, जेवणानंतर' लिहायची सवयच असते. काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आणली, आणि डोंगरावरच्या प्रवचनाचं सगळं वेळापत्रक आखलं. मत्तयाचे अध्याय पाच, सहा आणि सात. वचनं 48, 34 आणि 29. एकूण 111. नगर ते पुणे साधारण 120 किलोमीटर. किलोमीटरला एक वचन धरलं तर उरलेले नऊ किलोमीटर वाघोलीच्या ट्रॅफिकसाठी राखीव. तिथे तसंही प्रार्थनेखेरीज दुसरं काही सुचत नाही. एकेक वचन ड्युटीवर पाळायचं, आणि पाळलं की वहीत बरोबरची खूण करायची.

पहिलं वचन सोपं निघालं. येशूने लोकसमुदाय पाहिला आणि तो डोंगरावर चढला, एवढंच त्यात आहे. काकांनी लिहिलं, 'गर्दी पाहिली. सामान ठेवायला टपावर चढलो.' आणि खूण.

खरी पंचाईत डाव्या हातापासून सुरू झाली. दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका, असं वचन आहे. कंडक्टरच्या डाव्या हातात मशीन असतं आणि उजव्या हातात पैसे. उजव्याने काय घेतलं हे डाव्याला कळलं नाही, की संध्याकाळी डेपोत भरणा कमी पडतो. काकांनी शाळकरी पोरांना कमी पडणारे दोन-चार रुपये गुपचूप स्वतःचे घालायला सुरुवात केली. गुपचूप इतकं, की स्वतःलाही हिशेब राहिला नाही. तीन दिवस कॅश जुळेना. चौथ्या दिवशी काकूंनी डाव्या हाताला सगळं कळवून टाकलं: दानाचे पैसे शर्टाच्या खिशात, महामंडळाचे बॅगेत, आणि दूधवाल्याचे तिच्याकडे.

मग आलं 'न्याय करू नका'. हे वचन कंडक्टरला लागू कसं करायचं? त्याची नोकरीच मुळी न्याय करण्याची. पाच वर्षांखालचं पोर फुकट, पाच ते बारा अर्धं तिकीट, पुढे पूर्ण. पंच्याहत्तरीच्या पुढचे 2022 पासून फुकट, बायकांना 2023 पासून अर्धं. म्हणजे चढणाऱ्या प्रत्येक जिवाकडे पाहून त्याचं वय, लिंग आणि सचोटी एका नजरेत ठरवायची, तीही गाडी खड्ड्यात असताना. पूर्वी म्हातारे वय लपवत. आता सत्तरीचा गडी छाती काढून पंच्याहत्तर सांगतो. काकांनी तोडगा काढला: आधार कार्ड मागायचं, पण नजर खाली ठेवून. त्याने झालं असं, की प्रवाशांना वाटू लागलं, कार्ड काकांचंच खोटं आहे.

एकदा आमच्याच मंडळीतली एक बाई पोराला घेऊन चढली. म्हणाली, "साडेचारचा आहे, काका." त्या पोराच्या बाप्तिस्म्याची नोंद काकांनी स्वतः रजिस्टरमध्ये केलेली, सहा वर्षांपूर्वी. न्याय करायचा नाही आणि महामंडळाचं नुकसानही करायचं नाही, म्हणून काकांनी मुकाट्याने स्वतःच्या खिशातून अर्धं तिकीट फाडलं. बाईंना वाटलं, काकांची काहीतरी सवलत आहे. पुढच्या वेळी त्या जावेच्या मुलालाही घेऊन आल्या. आणि त्या रविवारी संडे स्कूलमध्ये शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, खोटी साक्ष देऊ नको ही कितवी आज्ञा? ते पोर उठलं आणि म्हणालं, "नववी. पण पाच वर्षांखालच्यांना माफ आहे."

दुसरा गाल पुढे करण्याची संधी शिरूरच्या अलीकडे मिळाली. पाचशेची नोट, पंधरा रुपयांचं तिकीट आणि सकाळची पहिली फेरी. काकांनी नेहमीप्रमाणे उरलेली रक्कम तिकिटाच्या मागे लिहून दिली. गृहस्थाला ते पटलं नाही. शब्दाला शब्द वाढला आणि त्याने काकांच्या कानाखाली ठेवून दिली. गाडी गप्प. काकांना एकदम आठवण झाली, की हेच ते. त्यांनी शांतपणे मान फिरवली आणि दुसरा गाल पुढे केला.

आता यहूदियात या कृतीचा काय अर्थ होत असेल तो असो. नगर जिल्ह्यात, तोंडातून शब्द न काढता गाल पुढे करणं म्हणजे 'हिंमत असेल तर मार' एवढाच अर्थ होतो. त्या गृहस्थाला हिंमत होती. दुसरी पहिल्यापेक्षा जोरात बसली. तिसरा गाल शास्त्रात नाही, त्यामुळे काका विचारात पडले. तेवढ्यात ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, मागे आला आणि जुना करार अमलात आणला. सोडवासोडव काकांनीच केली. प्रवासी उतरताना त्यांनी त्याचे राहिलेले पैसेही मोजून दिले, कारण तोवर सुट्टे जमले होते. वहीत लिहिलं, 'डावा गाल झाला. उजवा झाला. पण मनात राग होता. अर्धी खूण.' खरंच त्या वचनापुढे बरोबरच्या खुणेचा फक्त खालचा आकडा आहे.

हा ड्रायव्हर माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, डॅशबोर्डवर विठोबा. रिकाम्या गाडीत काका नारायण वामन टिळकांची भजनं गुणगुणायचे. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताला अभंग-ओवीत आणलं, त्यामुळे ड्रायव्हरची बोटं स्टिअरिंगवर आपोआप ठेका धरायची. "तुकोबांचा हा अभंग मी कधी ऐकलेला न्हाई बघा, मास्तर," तो म्हणायचा. काकांनी दोन वर्षं दुरुस्ती केली, मग सोडून दिली. टिळकांना ती चूक आवडलीच असती. याच ड्रायव्हरच्या डब्यात रोज एक भाकरी जादा असायची. पुण्याच्या स्टँडवर एक भ्रमिष्ट माणूस बसायचा, त्याला. एक दिवस काकांनी विचारलं, "किती वर्षं देतोय?" तो म्हणाला, "कोन मोजतंय?" काका मला नंतर म्हणाले, "त्याच्याकडे वही नाही रे." त्या आवाजात कौतुक किती आणि हेवा किती, ते मला अजून सांगता येणार नाही.

पण काकांची खरी परीक्षा केडगावने घेतली. एका शनिवारी संध्याकाळी नगरच्या स्टँडवर पांढऱ्या लुगड्यातली एक आजी चढली. काखेत पिशवी, पिशवीत फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक. म्हणाली, "केडगाव." काकांनी तिकीट दिलं. नगरचं केडगाव म्हणजे पाच किलोमीटर, घाम वाळायच्या आत येतं. उतरताना आजीने पायरीवर थांबून विचारलं, "बाबा, मुक्ती कुठं हाय?"

32 वर्षांत कोणत्याही प्रवाशाने काकांना हा प्रश्न विचारला नव्हता. त्यांना भरून आलं. म्हणाले, "मुक्ती प्रभूच्या चरणी आहे, आजी!" आणि डबल बेल दिली.

सुपा आलं तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. आजीला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला जायचं होतं. ते केडगाव वेगळं, दौंड तालुक्यातलं. अंधार पडत आलेला. काकांनी मंडळीतल्या एका केडगावकराला फोन लावला. त्याने आजीला नाक्यावर शोधलं आणि घरी नेऊन जेवू घातलं. ती म्हणत होती, "कंडक्टर भला मानूस व्हता, पन येडा व्हता."

बळजबरीने कोणी एक मैल नेलं तर त्याच्याबरोबर दोन मैल जा, असं वचन आहे. रोमी शिपाई वाटेत दिसेल त्या माणसाच्या खांद्यावर आपलं ओझं देऊन त्याला मैलभर चालवू शकत असे, त्यावरचं ते बोलणं. तो रोमी मैल म्हणजे आपल्या दीड किलोमीटरला जरा कमी. काकांचा दुसरा मैल साधारण शंभर किलोमीटरचा निघाला. रविवारी सकाळी ते आजीला घेऊन रेल्वेने दौंडला गेले, तिथून गाडी बदलून केडगावला. त्या रविवारी चर्चची घंटा वाजलीच नाही आणि निम्मी मंडळी उशिरा आली. आजी वाटभर बोलत होती. तिची आई रमाबाईंच्या मुक्तीत वाढलेली. "त्या माउलीनं हिब्रू शिकली, ग्रीक शिकली, अख्खं बायबल मराठीत आनलं. आन् तुला केडगावं दोन हायत हे ठावं न्हाई! काय शिकवत्यात तुमच्या चर्चात?" काकांनी दौंडपर्यंत नम्रपणे ऐकलं. दौंडला चहा घेताना त्यांना एक क्षण वाटलं, की रोमी शिपाई परवडला. तो निदान गप्प चालायचा.

मुक्तीच्या फाटकाशी आजीने पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून त्यांच्या हातावर ठेवला. काकांनी घरी येऊन खूण केली आणि ठरवलं, हे कोणालाही सांगायचं नाही. बुधवारपर्यंत सगळ्या मंडळीला कळलं होतं. कारण काकांनी प्रत्येकाला वेगवेगळं गाठून बजावलं होतं, की कोणाला सांगू नका.

गेल्या वर्षी काका निवृत्त झाले. डेपोत हार-नारळ झाला, ड्रायव्हरने मिठी मारली. एका संध्याकाळी काकांनी मला हाक मारली. मी बँकेत, म्हणून बेरीज माझ्याकडे. "किती झाली बघ," म्हणत त्यांनी वही पुढे केली.

मी पानं उलटली. 'उद्याची चिंता करू नका' यापुढे खूण, आणि बाजूला 'पेन्शनचे कागद दिल्यावर'. 'स्वर्गातल्या पित्यासारखे परिपूर्ण व्हा' यापुढे खूण, आणि कंसात 'अंदाजे'. गालाची अर्धी खूण पूर्ण धरून माझी बेरीज 109 भरली. पुन्हा केली, 109. पाचव्या अध्यायातली 23 आणि 24 ही दोन वचनं कोरी होती. त्या ओळींवर पेन टेकवल्याचे पुष्कळ ठिपके होते, खूण नव्हती.

ती वचनं काय आहेत हे आमच्या मंडळीत कोणालाही विचारा. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं, की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये.

काकांचा धाकटा भाऊ शेजारीच राहतो. मधली भिंत एक, आणि भिंतीवरची पन्हाळ एक. ती गळते. पाणी धाकट्याच्या स्वयंपाकघरात जातं. दुरुस्ती कोणी करायची यावरून नऊ वर्षं बोलणं बंद. आणि पंच म्हणून दर रविवारी अर्पणाची थैली फिरवायची काकांनी! भाऊ तिसऱ्या बाकावर. थैली तिथे आली की काका खांबाकडे पाहतात आणि भाऊ पंख्याकडे. तेवढ्यात भावजय नोट टाकून मोकळी होते.

"प्रवाशांचं सोपं असतं रे," काका म्हणाले. "कितीही नडला तरी पुण्याला उतरतो. हा उतरतच नाही."

मी काही बोललो नाही. काकू आतून बोलल्या, "अहो, अनोळखी म्हातारीला दौंडला पोचवलंत. इथे भिंत ओलांडायला काय तिकीट लागतं?"

पुढच्या रविवारी थैली दुसऱ्या बाकापर्यंत आली आणि काका थांबले. थैली माझ्या हातात दिली आणि चपला घालून सरळ बाहेर पडले. मंडळीत कुजबुज. पाळकसाहेब गाणं एक कडवं वाढवून वाट बघत राहिले. काका घाईघाईने भावाच्या दाराशी गेले, कडी वाजवली, हाका मारल्या. दार उघडेना. उघडणार कसं? भाऊ तिसऱ्या बाकावर बसला होता.

काका पायरीवर बसून राहिले. घंटा द्यायला कोणी नव्हतं म्हणून उपासना त्या दिवशी सुटली नाही, नुसती संपली. भाऊ घरी आला तर दादा दारात. दोघेही जरा वेळ पन्हाळीकडे बघत उभे राहिले. मग भाऊ म्हणाला, "सलाम, दादा." काका म्हणाले, "सलाम. जरा सरक, मध्ये जागा आहे." आणि दोघं पायरीवर बसले.

पन्हाळ त्याच आठवड्यात बदलली. खर्च निम्मा-निम्मा. पत्रा कोणत्या बाजूने उतरता ठेवायचा यावर दोघांचं तासभर भांडण झालं, पण बोलून झालं. मी परवा वही पुन्हा पाहिली. ती दोन वचनं अजून कोरीच. विचारलं तर काका म्हणाले, "एक पावसाळा जाऊ दे. गळली नाही, तर खूण करू."